घरी भाजलेले ब्रिटिश पाव: मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांनी काय लक्षात घ्यावे?

"डॉक्टर, दुकानातला ब्रेड आम्ही बंद केलाय. आता सून घरीच पाव भाजते. घरचे आहेत, मग नाश्त्याला दोन खाल्ले तर चालतील ना?"

मुलाकडे किंवा मुलीकडे ब्रिटनमध्ये काही महिने राहायला गेलेल्या आईवडिलांना हा प्रश्न हमखास पडतो. तिथे थंडी असते, ओव्हन असतो, घरात पाव भाजल्याचा वास दरवळतो आणि गरम पावाला नको म्हणणे जड जाते. त्याचे थोडक्यात उत्तर असे: बहुतेकांना घरचा पाव खायला हरकत नाही. मात्र तो घरचा आहे म्हणून त्यातली साखर वाढवणारी कर्बोदके कमी होत नाहीत. उलट दुकानातल्या पाकिटावर आकडे छापलेले असतात, घरच्या पावावर ते नसतात. म्हणून ते आकडे तुम्हालाच काढावे लागतात. हे काम अवघड नाही. या लेखात ते कसे करायचे ते पाहू.

हे पाव नेमके कोणते?

ब्रिटनमध्ये एकाच प्रकारच्या छोट्या गोल पावाला गावागणिक वेगळे नाव आहे.

- बॅप: स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमधला मऊ, किंचित चपटा, वरून पीठ भुरभुरलेला पाव. पारंपरिक कृतीत दूध आणि चरबी असते.
- बार्म केक: मँचेस्टर आणि लँकेशायर भागातला. 'बार्म' म्हणजे बिअर आंबताना वर येणारा फेस. पूर्वी तोच यीस्ट म्हणून वापरत.
- कॉब: नॉटिंगहॅम आणि डर्बीकडे याच पावाला कॉब म्हणतात.
- बॅच: कॉव्हेंट्रीकडचे नाव. ट्रेमध्ये गोळे जवळजवळ ठेवून भाजले की ते कडेने एकमेकांना चिकटतात आणि कडा मऊ राहतात. आपली पावाची लादी आठवा, तोच प्रकार.
- स्टॉटी: न्यूकॅसलकडचा मोठा, चपटा, चावायला थोडा घट्ट पाव.
- बटरी किंवा रोवी: ॲबरडीनचा थरांचा चपटा पाव. यात चरबी आणि मीठ दोन्ही भरपूर असतात. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी हा क्वचितच, चवीपुरता खावा.

पारंपरिक कृतीत 'लार्ड' म्हणजे डुकराची चरबी वापरत आणि काही बेकऱ्या आजही वापरतात. शाकाहारी असाल किंवा ती तुम्हाला वर्ज्य असेल तर दुकानात विचारून घ्या. घरी तेल किंवा थोडे लोणी वापरले तरी पाव मऊच होतो.

दुकानातला पाव आणि घरचा पाव: फरक कुठे आहे?

ब्रिटनमधला बराचसा कारखानी ब्रेड १९६१ मध्ये चॉर्लीवुड येथे विकसित झालेल्या पद्धतीने होतो. त्यात पीठ यंत्रात अतिशय वेगाने मळतात, त्यामुळे ते तासन् तास फुगवत ठेवावे लागत नाही. पाव जास्त दिवस टिकावा म्हणून परवानगी असलेली परिरक्षके घालतात. ठरवून दिलेल्या प्रमाणात ती असतील तर घाबरण्याचे कारण नाही.

घरच्या पावाचा खरा फायदा वेगळा आहे. मीठ किती, तेल कोणते, कोंडा किती आणि पाव केवढा, हे सगळे तुमच्या हातात असते. या चार गोष्टी बदलल्या नाहीत, तर तब्येतीच्या दृष्टीने घरचा पांढरा पाव आणि दुकानातला पांढरा पाव यांत फारसा फरक नाही.

कमी मिठाच्या बॅपची कृती (१० पाव)

- पांढरे ब्रेडचे पीठ २५० ग्रॅम (मैद्यासारखेच, पण जास्त प्रथिनांचे)
- होलमील ब्रेडचे पीठ २५० ग्रॅम (कोंड्यासकट दळलेले)
- इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम (ब्रिटनमध्ये मिळणारी एक छोटी पुडी)
- मीठ ५ ग्रॅम (सपाट एक छोटा चमचा किंवा किंचित कमी)
- तेल २५ ग्रॅम
- कोमट दूध १५० मिली आणि कोमट पाणी साधारण १७० मिली

१. सगळे कोरडे जिन्नस एकत्र करा. तेल, दूध आणि पाणी घालून सैलसर पीठ भिजवा. कणकेपेक्षा ते थोडे चिकट असायला हवे. हाताला चिकटते म्हणून वरून पीठ घालत राहू नका, पाव कोरडा होतो. पाणी बोटाला कोमट लागेल इतपतच असावे, कढत पाण्याने यीस्ट मरते.

२. दहा मिनिटे मळा. संधिवात असेल, बोटे किंवा मनगट दुखत असेल, तर दोन मिनिटे मळून दहा मिनिटे झाकून ठेवा आणि असे तीन-चार वेळा करा. मधल्या वेळात पीठ आपोआप लवचीक होते.

३. झाकून उबदार जागी ठेवा. दीड तासाच्या आत ते साधारण दुप्पट होते. मीठ यीस्टचा वेग कमी करते. आपण मीठ कमी घातले आहे, म्हणून पीठ नेहमीपेक्षा लवकर फुगू शकते. घड्याळापेक्षा पिठाकडे लक्ष ठेवा.

४. वजनकाट्यावर साधारण ८५ ग्रॅमचे दहा गोळे करा. थोडे चपटे दाबून ट्रेमध्ये ठेवा. झाकून आणखी ३० ते ४५ मिनिटे फुगू द्या. वरून किंचित पीठ भुरभुरा आणि मधोमध बोटाने हलका खळगा करा. स्कॉटिश बॅपला असाच खळगा असतो.

५. २२० अंश सेल्सिअसला (फॅन ओव्हन असेल तर २०० अंशांना) १२ ते १५ मिनिटे भाजा. बाहेर काढल्यावर स्वच्छ कापडाने झाका. वाफ आत राहते आणि वरचा भाग मऊ होतो.

भारतीय चक्कीचा आटा होलमीलऐवजी वापरता येतो, पण पाव कमी फुगतो आणि जड होतो. घरचा पाव दुसऱ्याच दिवशी सुकू लागतो. जास्तीचे पाव पूर्ण गार झाले की त्याच दिवशी फ्रीजरमध्ये ठेवा आणि लागेल तसा एकेक काढा. पाव समोर दिसला नाही की दुसरा खाल्लाही जात नाही!

एका पावात कर्बोदके किती?

मधुमेह असलेल्यांसाठी, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी, हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. पिठाच्या पाकिटावर '१०० ग्रॅममध्ये कर्बोदके' हा आकडा असतो. पांढऱ्या ब्रेडच्या पिठात तो साधारण ७१ ग्रॅम आणि होलमीलमध्ये साधारण ६२ ग्रॅम असतो. तुमच्या पाकिटावरचा आकडाच धरा. वरच्या कृतीचा हिशेब असा:

- पांढरे पीठ २५० ग्रॅम: साधारण १७८ ग्रॅम
- होलमील पीठ २५० ग्रॅम: साधारण १५५ ग्रॅम
- दूध १५० मिली: साधारण ७ ग्रॅम
- एकूण: साधारण ३४० ग्रॅम

याला दहाने भागले की एका पावात साधारण ३४ ग्रॅम कर्बोदके येतात. एका पावातून साधारण २०० कॅलरी आणि ३ ग्रॅमच्या थोडे वर तंतू मिळतात.

आता आपल्या ओळखीच्या मापात पाहू. ३० ग्रॅम कणकेच्या एका फुलक्यात साधारण २० ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणजे असा एक बॅप हा जवळजवळ पावणेदोन फुलक्यांइतका झाला आणि दोन बॅप साडेतीन फुलक्यांइतके. पाव हलका, हवेने फुगलेला असतो, म्हणून तो 'थोडासाच' वाटतो. पण साखर वाढवते ते त्यातले पीठ, आकार नव्हे.

गोळे लहानमोठे झाले तर? भाजलेला पाव वजनकाट्यावर ठेवा. या कृतीतल्या पावाच्या वजनाच्या साधारण ४५ टक्के कर्बोदके असतात. ७५ ग्रॅमच्या पावात ३४ ग्रॅम, तर १०० ग्रॅमच्या पावात ४५ ग्रॅम. जेवणागणिक इन्सुलिनचा डोस मोजणाऱ्या माणसासाठी हा फरक छोटा नाही. ब्रिटनमध्ये टाइप १ मधुमेह असलेल्यांना 'डॅफने' नावाच्या प्रशिक्षणात असाच हिशेब शिकवतात.

होलमील घातले म्हणजे साखर वाढणार नाही का?

वाढेल. होलमील पिठात तंतू जास्त असतात. पोट साफ राहायला आणि पोट भरल्यासारखे वाटायला त्यांची मदत होते, म्हणून ते जरूर वापरावे. पण बारीक दळलेल्या होलमीलचा पाव रक्तातली साखर पांढऱ्या पावापेक्षा फार हळू वाढवतो असे नाही. पीठ कोणते यापेक्षा पाव किती खाल्ला याचा परिणाम जास्त होतो.

तुमच्या शरीरावर काय परिणाम होतो हे तपासण्याचा सोपा मार्ग आहे. घरी ग्लुकोमीटर असेल तर पाव खाण्याआधी आणि खाल्ल्यानंतर दोन तासांनी साखर मोजा. इथे एक गोंधळ टाळा. ब्रिटनमधले मीटर साखर मिलिमोल प्रति लिटरमध्ये दाखवते, भारतातले मिलिग्रॅममध्ये. ब्रिटनच्या आकड्याला १८ ने गुणले की आपला आकडा मिळतो. तिथे ८ दिसले तर ते भारतातले १४४ आहे, साखर कमी झालेली नाही.

यीस्टची वेळ आणि औषधाची वेळ

घरी पाव करताना एक धोका बहुतेकांच्या लक्षात येत नाही. नाश्ता नऊला ठरलेला असतो. आजोबा नेहमीप्रमाणे इन्सुलिन घेतात किंवा ग्लिक्लाझाइड, ग्लिमेपिराइड यांसारखी गोळी घेतात. पण स्वयंपाकघर गार आहे, पीठ फुगलेले नाही, पाव ओव्हनमधून निघायला साडेदहा वाजतात. 'होईलच आता' म्हणत आजोबा बसून राहतात आणि तोवर साखर खाली येते.

म्हणून हे नियम पाळा:

- जेवणाआधीचे जलद इन्सुलिन किंवा वरच्या प्रकारची गोळी पाव ओव्हनमध्ये असताना घेऊ नका. पाव तयार झाल्यावरच घ्या. डोसची वेळ डॉक्टरांनी वेगळी सांगितली असेल तर ती पाळा, पण मग खाणेही वेळेवर हवे.
- औषध घेऊन झाले आणि पावाला उशीर होतोय, तर थांबू नका. घरात असेल ते दुसरे काही खा.
- घाम, थरथर, धडधड, अचानक भूक, चिडचिड किंवा गोंधळल्यासारखे वाटणे ही साखर कमी झाल्याची लक्षणे असू शकतात. लगेच साखर मोजा. ती ४ मिलिमोलच्या, म्हणजे साधारण ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल, किंवा मोजायला मीटर जवळ नसेल, तर १५ ते २० ग्रॅम जलद साखर द्या. १५० ते २०० मिली फळांचा रस किंवा पाण्यात विरघळवलेली तीन-चार छोटे चमचे साखर चालेल. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा आणि गरज पडल्यास पुन्हा द्या.
- अशा वेळी पहिला उपाय म्हणून पाव देऊ नका, तो पचायला वेळ लागतो. साखर वर आल्यावर, ती पुन्हा घसरू नये म्हणून पाव उपयोगी पडतो.
- माणूस शुद्धीवर नसेल किंवा गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. ब्रिटनमध्ये ९९९ ला, भारतात १०८ किंवा ११२ ला फोन करा.

फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फारच कमी असतो.

मीठ: न दिसणारा भाग

पाव खारट लागत नाही, तरीही त्यात मीठ असते. ५०० ग्रॅम पिठाला १० ग्रॅम मीठ हे नेहमीचे प्रमाण आहे. त्याचे दहा पाव केले तर प्रत्येकात १ ग्रॅम मीठ येते. ब्रिटनमध्ये मोठ्या माणसासाठी दिवसाला जास्तीत जास्त ६ ग्रॅम मीठ सांगितले जाते, तर जागतिक आरोग्य संघटना ५ ग्रॅमपेक्षा कमी ठेवायला सांगते. सकाळी दोन पाव खाल्ले की २ ग्रॅम तिथेच संपले. भाजी, आमटी, पापड, लोणचे अजून बाकीच आहे.

वरच्या कृतीत मीठ निम्मे आहे, म्हणजे एका पावात अर्धा ग्रॅम. पहिल्यांदा चव अळणी लागेल. एकदम निम्मे करणे जमत नसेल तर १० ग्रॅमवरून ८, मग ६, मग ५ असे दर दोन आठवड्यांनी कमी करा. जिभेला सवय होते.

महत्त्वाचा इशारा: 'लो सॉल्ट' म्हणून मिळणाऱ्या अनेक मिठांमध्ये सोडियमऐवजी पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधे चालू असतील, तर रक्तातले पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे मीठ वापरू नका. साधे मीठच कमी घालणे जास्त सुरक्षित आहे.

पावात काय भरता यालाही तितकेच महत्त्व आहे. ब्रिटनमध्ये या पावात बेकन, सॉसेज, चीज किंवा बटाट्याचे चिप्स भरून खातात. बेकनच्या दोन कापांतले मीठ पावातल्या मिठापेक्षा बरेच जास्त असू शकते. चिप्स भरले तर कर्बोदकांत आणखी कर्बोदकांची भर पडते. त्याऐवजी उकडलेले अंडे, मटकीची कोरडी उसळ, मसूर, पनीर किंवा कोंबडीचे घरचे तुकडे आणि सोबत भरपूर काकडी-टोमॅटो घ्या. प्रथिने आणि भाज्या सोबत असल्या की एका पावात पोट भरते.

कोणी विशेष काळजी घ्यावी?

पक्षाघातानंतर किंवा पार्किन्सनमध्ये गिळायला त्रास होणारे रुग्ण: 'मऊ पाव आहे, दुधात बुडवून देऊ' असे घरच्यांना वाटते. पण मऊ पाव तोंडात लाळेने चिकट गोळा होतो आणि घशात अडकू शकतो. जेवताना खोकला येतो, आवाज ओलसर होतो किंवा घास तोंडातच साठून राहतो, असे होत असेल तर वाचा आणि गिळण्याच्या तज्ज्ञांनी तपासून परवानगी दिल्याशिवाय पाव देऊ नका.

सीलिॲक आजार: यात गहू, बार्ली आणि राय तिन्ही चालत नाहीत, पाव घरचा असला तरीही. त्याच ट्रेमधले किंवा त्याच ओट्यावरचे थोडेसे पीठही त्रास देते. या आजाराची शंका असेल तर तपासणीआधी गहू बंद करू नका, नाहीतर तपासणीचा निकाल चुकीचा येऊ शकतो.

मूत्रपिंडाचा आजार: होलमील किती आणि पांढरे पीठ किती घ्यायचे, हे तुमच्या रक्त तपासणीवर अवलंबून असते. आहारतज्ज्ञांना विचारा.

गरोदर स्त्रिया आणि गर्भधारणेची तयारी करणाऱ्या: ब्रिटनमध्ये होलमील सोडून इतर गव्हाच्या पिठात कॅल्शियम, लोह, थायमिन आणि नायसिन घालणे कायद्याने आवश्यक आहे. २०२६ च्या अखेरीपासून त्यात फॉलिक ॲसिडही घालावे लागणार आहे. तरीही फॉलिक ॲसिडची गोळी बंद करायची नाही, पिठातले प्रमाण तिची जागा घेऊ शकत नाही.

ओव्हनजवळ थोडी सावधगिरी

मधुमेहामुळे हातापायांना बधिरपणा असेल तर भाजलेले लगेच कळत नाही. कोपरापर्यंतचे हातमोजे वापरा, पायांत बंद चप्पल घाला आणि ट्रे काढायचे काम शक्यतो दुसऱ्याकडे द्या. भाजल्यास तो भाग २० मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरा. टूथपेस्ट किंवा हळद लावू नका. दमा असेल तर पीठ उधळू नका, हळू ओता. कच्चे पीठ मुलांना चाखू देऊ नका, त्यात जंतू असू शकतात. ते भाजल्यावरच मरतात.

मग दोन पाव चालतील का?

सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येऊ. टाइप २ मधुमेह असलेल्या बऱ्याच जणांना नाश्त्याला ७५ ग्रॅमचा एक पाव, सोबत अंडे किंवा उसळ आणि कोशिंबीर, हे प्रमाण जमून जाते. दोन पाव खाल्ल्यावर दोन तासांनी साखर किती येते, ते तुमचे मीटरच सांगेल. सुनेने मायेने केलेला पाव नाकारायची गरज नाही. तिला फक्त एवढेच सांगा: गोळे वजन करून कर, मीठ निम्मे घाल आणि तुझ्या पिठाच्या पाकिटावरचा आकडा मला वाचून दाखव.

थोडक्यात लक्षात ठेवा

- घरचा पाव म्हणजे कमी साखरेचा पाव नव्हे. पिठाच्या वजनावरून कर्बोदके मोजा.
- ७५ ग्रॅमचा एक बॅप म्हणजे जवळजवळ पावणेदोन फुलके.
- ५०० ग्रॅम पिठाला ५ ग्रॅम मीठ पुरते.
- पाव तयार होण्याआधी जलद इन्सुलिन घेऊ नका.
- गिळायला त्रास असेल तर मऊ पावही धोकादायक ठरू शकतो.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. औषधाचा डोस किंवा वेळ बदलण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.